न पोचलेली गोधडी

विकायचं म्हणून मी गोधड्या शिवायला लागले नव्हते. वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली आणि पुढची काही वर्षं घर चाललं ते पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांवर. दिवेआगरला थंडीत येणारी माणसं पहाटे कुडकुडायची. म्हणून मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी घरातल्या जुन्या साड्या काढल्या, गोधड्या शिवल्या आणि खाटांवर टाकल्या. पाहुणे निघताना समुद्राचं कौतुक करायचे, जेवणाचं करायचे आणि बॅगा गाडीत ठेवता ठेवता विचारायचे, "ती गोधडी विकत द्याल का?"

त्यातूनच पुढे फोनवर दुकान मांडलं. फोटो टाकायचे, ऑर्डर आली की शिवायचं, कुरियरवाल्याच्या हाती द्यायचं. नव्या सुती कापडाच्या गोधड्या जायच्याच, पण लोक हळूहळू स्वतःच्या घरातल्या साड्या पाठवायला लागले. कुणाच्या आजीची, कुणाच्या आईची, कुणाच्या आत्याची. ते काम मला सगळ्यांत आवडायचं आणि भीतीही त्याचीच वाटायची. नवं कापड फाटलं तर बाजारातून दुसरं आणता येतं. गेलेल्या माणसाची साडी कुठून आणणार?

ती बाई आमच्याकडे पाहुणी म्हणून आली होती. ठाण्याची, माझ्याच वयाची. एकटीच आली. पहिल्याच दिवशी दुपारी पडवीत येऊन बसली आणि पिशवीतून साड्या काढून एकेक मांडीवर ठेवायला लागली. सगळ्या सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या.

"आईच्या आहेत," म्हणाली. "पावसाळ्यात गेली ती. ह्यांची गोधडी होईल ना, ताई?"

"होईल की."

"एकच होईल?"

मी साड्या उलगडून पाहिल्या. काही विरल्या होत्या. "एकच होईल, पण चांगली मोठी होईल."

"चालेल. आम्ही दोघी बहिणी आहोत. धाकटी बंगळूरला असते. आमचं ठरलंय, सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तिच्याकडे."

मला ते फार आवडलं. जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघ, अशा बहिणी असाव्यात. न्हायतर आमच्याकडं आईची पाटली विळीवर कापून वाटली."

दोन दिवसांसाठी आलेली ती चार दिवस राहिली. समुद्रावर फारशी गेलीच नाही. आमच्याबरोबर बसून कापडं कापायची, सुई हातात घेऊन चार टाके घालायची, ते वाकडे गेले की हसायची आणि हसता हसता रडायची. आईच्या दुखण्यात तिने काय काय केलं ते सांगायची. मी घावन घालत असले की चुलीजवळ पाटावर येऊन बसायची. मीही तिला माझ्या आईचं सांगितलं. आईची एक इरकल मी ट्रंकेत तशीच ठेवली होती, नेसत नव्हते, कापतही नव्हते. ती ट्रंक उघडून मी तिला साडी दाखवली. गिऱ्हाइकाला असं कुणी दाखवत नाही. पण ती मला गिऱ्हाईक वाटतच नव्हती.

ती गेल्यावर धाकट्या बहिणीचाही एकदा फोन आला. "एका साडीवर हळदीचे डाग आहेत ना? ते कापून टाकू नका हं. आई पदराला हात पुसायची." मी ते डाग मुद्दाम गोधडीच्या मधोमध घेतले, भोवती निळ्या दोऱ्याचा चौकोन घातला. शेवटी कोपऱ्यात आमच्या फोन नंबरची छोटी पट्टी शिवली, गोधडीचा फोटो दोघींना पाठवला आणि ती पार्सल करून ठाण्याला धाडली.

काही दिवसांनी कुरियर कंपनीचा मेसेज आला, पार्सल पोचलं. मी आनंदाने फोन केला.

"नाही हो ताई," ती म्हणाली. "मला नाही मिळालं."

"पण इथे तर मिळालं म्हणून दाखवतंय."

"कुणीतरी खाली ठेवून गेला असेल. आमच्या सोसायटीत हल्ली पार्सलं जातात." मग हळूच म्हणाली, "तुमचा दोष नाही, ताई. मला पैसेही परत नकोत. माझ्याच नशिबात नव्हती."

त्या दिवशी आमच्या घरात भात शिजला तो तसाच राहिला. आमचा कुरियरवाला भला माणूस, स्वतः पनवेलच्या गोदामापर्यंत जाऊन शोधून आला. कंपनी म्हणे, पार्सल दारात दिलंय, सही आहे. सही म्हणजे काचेवर बोटाने काढलेली एक रेघ. ती कुणाचीही असू शकत होती.

मग बंगळूरहून फोन आला. धाकटी आधी रडली आणि मग चिडली. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय हरवलंय? माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही." मी फोन धरून नुसती "हो, हो" म्हणत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या दुकानाच्या पानावर लिहिलं, की ह्या बाईंनी आमच्या आईच्या साड्या हरवल्या, ह्यांच्या हाती आपल्या माणसांच्या वस्तू देऊ नका. खाली लोकांनी हळहळ व्यक्त केली. एकीने माझ्याकडे पाठवायला बांधून ठेवलेल्या साड्या पाठवल्याच नाहीत.

आमचा ऑनलाइन विकणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे. कुणी पापड विकतं, कुणी कोकम आगळ, कुणी मुलांची झबली. तिथे मी हे सांगितलं तर सगळ्या तुटून पडल्या. "अगं, मिळालं असणार तिला. मिळालं नाही म्हणायचं आणि पैसे उकळायचे, रोजचंच आहे हे."

मी उलट लिहिलं, "ती तसली नाही. ती पैसे मागतच नाहीये." मला त्यांचा रागच आला होता. चार दिवस माझ्या चुलीजवळ बसलेल्या बाईला ह्या चोर ठरवत होत्या.

मन कुठेच लागेना. शेवटी मी ट्रंक उघडली आणि आईची इरकल बाहेर काढली. जाऊबाईंनी माझा हात धरला. "वेडी हायस काय? ती राहू दे."

"त्यांच्याकडे आईचं काहीच नाही राहिलं हो."

"मग तू तुझं कशापायी देतेस?"

मी ऐकलं नाही. इरकल कापताना पहिली कात्री घालवेना, म्हणून डोळे मिटून घातली. त्या साडीची आणि थोड्या नव्या कापडाची गोधडी शिवली आणि बंगळूरला पाठवली. सोबत निरोप ठेवला, 'तुमच्या आईची आणता येणार नाही. ही माझ्या आईची आहे.' धाकटीचा एवढाच मेसेज आला, 'मिळाली. थँक्यू.' ठाण्याच्या ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती किती तरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही फार चांगल्या आहात, ताई." तो गप्पपणा मी दुःखाचा समजले.

वर्ष उलटून गेलं. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज मुलीचा, गोड.

"काकू, तुम्ही गोधड्या शिवता ना? माझ्या गोधडीच्या कोपऱ्यात तुमचा नंबर आहे. मी हॉस्टेलला असते, मशीनमध्ये धुतली तर एका बाजूचे सगळे टाके उसवले. आईला कळलं तर मारेल मला. तुम्ही दुरुस्त करून द्याल?"

"देईन की बाळा. फोटो पाठव."

फोटो आला. मधोमध हळदीचे डाग, भोवती निळ्या दोऱ्याचा चौकोन.

मी फोन जाऊबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

मुलीला मी उलट फोन केला. तिला काही कळू नये म्हणून आवाज सांभाळत विचारलं, "कुणाची गं ही गोधडी?"

"आजीच्या साड्यांची आहे. आई कपाटात वरच्या खणात ठेवते, कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. मी हट्टाने आणली. आई म्हणाली, ने, पण मावशी आली तर दाखवू नकोस."

पोरीला त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं. तिने गोधडी पाठवली. मी ती उघडली. टाके माझेच होते, ते मी पुन्हा घातले. कडेला तिच्या आईने घातलेले वाकडे चार टाकेही तसेच होते. ती गोधडी ठेवून घ्यावी, नाहीतर थेट बंगळूरला पाठवावी, असं मनात आलं. पण ज्या पोरीने विश्वासाने पाठवली होती तिला फसवायचं माझ्याने होईना. दुरुस्त करून तिची तिला परत केली.

मग ठाण्याला फोन लावला.

"तुमच्या मुलीची गोधडी शिवून पाठवली," म्हटलं.

नाकारायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"ताई, आईचं सगळं मी केलं," ती म्हणाली. "बेडपॅन मी उचलले. रात्र-रात्र मी जागले. ही दिवाळीला यायची, फोटो काढायची आणि जायची. आणि मग गोधडीत निम्मा वाटा? गोधडी हातात आली आणि माझ्याच्याने देववेना."

"मग तिला तसं सांगायचं होतंत."

"तिला कसं सांगू? भांडण झालं असतं."

"आणि मला चोर केलंत ते?"

"तुम्हाला कोण चोर म्हणालं? मी तर पैसेसुद्धा मागितले नाहीत."

हे ती इतक्या सरळपणे बोलली, की तिला ते खरंच वाटत असावं. पैसे मागितले नाहीत म्हणजे माझं काही नेलं नाही.

"मी माझ्या आईची इरकल कापली," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं. ट्रंक उघडून दाखवली होती मी तुम्हाला. तेव्हा तरी एक शब्द बोलायचात."

"तोपर्यंत फार उशीर झाला होता हो ताई." मग आवाज खाली आला. "तिला सांगू नका. पाया पडते."

मी तिला म्हटलं, तुम्हीच सांगा, मी थांबते. मी थांबले. तिने मला फोनवर ब्लॉक केलं.

तेव्हा मी बंगळूरला फोन केला. मनाशी जुळवाजुळव केली होती, हळूहळू सांगू, तिला धक्का बसेल, बहिणीबहिणींत वितुष्ट येईल. मी बोलत गेले. ती ऐकत होती. मला मध्येच थांबवून म्हणाली, "तिच्याकडेच आहे ना? मला तेव्हाच वाटलं होतं."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. "तेव्हाच म्हणजे?"

"पार्सल मिळालं नाही म्हणाली तेव्हाच. माझी बहीण आहे, आवाज कळतो मला तिचा."

"मग माझ्यावर एवढं चिडलात ते? ते पानावर लिहिलंत ते?"

"ते तिने वाचावं म्हणून लिहिलं होतं. वाटलं, तुमची बदनामी बघून तरी तिला लाज वाटेल." मग म्हणाली, "तिच्याशी भांडून मी जाणार कुठे? माहेर म्हणून आता तेवढं एकच घर आहे. तुमच्याशी भांडणं सोपं होतं."

दाराबाहेर जाऊबाई नारळ सोलत होत्या. त्यांच्या कोयत्याचा आवाज येत होता, तो मी ऐकत बसले. थोरलीने मला फसवलं त्याचं दुःख होतंच, पण त्यात निदान लोभ तरी होता, आईच्या वस्तूचा लोभ. धाकटीच्या बोलण्यात काहीच नव्हतं. त्या दोघींच्या मध्ये एक भिंत हवी होती, ती मी झाले होते. दोघी आपापल्या बाजूने तिच्यावर डोकं आपटत होत्या आणि भिंतीला लागत असेल हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

"माझ्या आईची गोधडी परत पाठवा," मी म्हटलं. दिलेली वस्तू जन्मात कधी परत मागितली नव्हती.

"अं? हो, पाठवते. आणि ते लिहिलेलं काढते."

गोधडी आली, चांगली घडी घालून, ड्रायक्लीन केलेली. मी तोंडाला लावून पाहिली. ट्रंकेतला कापराचा वास गेला होता, आईचा म्हणून जो काही राहिला होता तोही गेला होता. कुठल्याशा महागड्या साबणाचा वास येत होता. लिहिलेलं मात्र तिने काढलं नाही. अजून आहे. नवं कुणी आलं की आधी तेच वाचतं. त्याखाली खरं काय ते मी लिहू शकले असते. एकदा लिहायला बसलेही. मग ती हॉस्टेलमधली पोर आठवली, ती वाचेल असं वाटलं आणि फोन ठेवून दिला.

गोधड्या मी अजून शिवते, पण बाजारच्या नव्या कापडाच्याच. परवा महाडहून एक गृहस्थ आले. गेलेल्या वडिलांचे सदरे घेऊन आले होते, नीट इस्त्री करून. कुणाकडून तरी माझं नाव ऐकलं होतं, पानावरचं वाचलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "जुने कपडे घेत नाही मी आता."

"मी स्वतः न्यायला येईन," ते म्हणाले. "पार्सलचा प्रश्नच नाही."

"नको."

त्यांनी कारण विचारलं नाही. सदरे पुन्हा पिशवीत भरले, एकेकाची कॉलर सरळ करून. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. ते वाडीच्या वाटेने एसटीच्या थांब्याकडे निघाले तेव्हा हाक मारावीशी वाटली. ते चांगलेच असतील. पण ती बाईही मला चांगलीच वाटली होती, आणि आता चांगलं कोण हे ओळखायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.