चार दिवस मी सौद्यातून उठत नसे

"कोठी दे, मंगे. नहीतर हाई बठ्ठं गाठोडं मी परत घरमा लई जासू," अक्का म्हणाल्या.

मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. समोर जुन्या कपड्यांचा ढीग, बाजूला माझी पाटी. पाटीत वाट्या, डबे, एक कढई, एक मोठं पातेलं आणि सर्वांत भारी माल म्हणजे झाकणाची स्टीलची कोठी. ढिगात पँटी होत्या, चादरी होत्या, सहा साड्या होत्या आणि खऱ्या जरीचा एक शालू होता. एवढ्याला पातेलं, हा सरळ रेट. कोठी दिली असती तर महिनाभर पायपीट करून हाती काहीच उरलं नसतं.

मी बोहारीण. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडी द्यायची, हा आमचा धंदा. आज जळगावात माझं भांड्यांचं दुकान आहे. तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन मी मेहरूणच्या गल्ल्या पायांखाली घालत होते. घरी गेलं की मालाची छाटणी. धड कपडे शिवून, इस्त्री करून बाजारात विकायचे. फाटकं सुती गॅरेजवाले हात पुसायला नेतात. साडीची जरी वितळवणाऱ्याकडे जाते. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. फसत फसत शिकले.

त्यातला पहिला धडा सांगते. आमच्या धंद्यात सौदा बोलून होत नाही, उठून होतो. दोन्ही बाजू अडल्या की पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येते. नाही आली तर फाटकापाशी येते. जी उठू शकत नाही, ती हरते.

आणि त्या दिवशी मी उठू शकत नव्हते. माझा दुसरा दिवस होता.

आम्ही कपडा वापरायचो. जुन्या साडीची घडी, कमरेच्या नाडीला पुढून-मागून खोचलेली. सकाळपासून उन्हात चालल्यावर ती घडी सरकते, कडा मांड्यांना कापतात. बसलं की मागे काय झालंय ते कळत नाही. चार महिन्यांपूर्वी याच ओट्यावरून मी उठले आणि शहाबादी फरशीवर डाग राहिला. अक्का एक शब्द बोलल्या नाहीत. बादलीभर पाणी आणून ओतलं. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची बाई! त्या उपकाराखाली मी पुढच्या तीन फेऱ्यांत एक परात, एक घागर आणि डब्यांचा सेट कमी मालात देऊन बसले होते.

आजही कोठीवर सौदा अडलेला, तेवढ्यात आत फोन वाजला. अक्कांची मुलगी धुळ्याला दिलेली. तिचा फोन म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. "बैस, पाणी पी," म्हणून अक्का आत गेल्या.

पाणी घेऊन सून आली. रूपाली, चोपड्याची, लग्नाला सहा महिने झालेली. मी ढीग चाळत होते आणि माझा हात एका सुती साडीवर थांबला. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. आता हे आमच्या धंद्यातल्या बाईलाच कळेल. घरातून काहीही बाहेर येतं, नवऱ्याचा लग्नातला कोट येतो, पण मऊ सुती साडी येत नाही. ती बाया राखून ठेवतात. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

"ही कशी दिली गं? ही लागते ना घरात?"

"आता नाही लागत." तिनं दाराकडे पाहिलं. "मी पॅड वापरते." मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, तुमचा आज दुसरा दिवस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी. त्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाल्या, मंगीला आज बोलवलंय, आज ती काही उठायची नाही. कोठी आजच काढून घेऊ."

माझ्या कानशिलांत आग पेटली. 'सोमवारी नको, गुरुवारी ये' असा निरोप दर महिन्याला का यायचा, ते आत्ता कळलं. पुरुषानं केलं असतं तर मी त्याची पाटीखाली चटणी केली असती. पण ही बाई होती. तिनंही चाळीस वर्षं तीच घडी खोचली होती.

"एक पॅड आहे का?" मी विचारलं.

"देते की!"

"फुकट नको. फुकट घेतलं की तोंड बंद होतं. एक वाटी घे."

परसातल्या मोरीच्या दारात तिनं ते माझ्या हातात दिलं. मी उलटसुलट करून पाहिलं. "याची नाडी कुठंय?"

"नाडी नसते मावशी. मागचा कागद काढायचा, गोंद असतो. निकरला चिकटवायचं."

इथं अडलं. आतले कपडे आम्ही मालात घेत नाही, आणि खरं सांगते, मी अंगातही घालत नव्हते. घडीला नाडी पुरते, निकर कशाला? रूपाली तोंडावर पदर धरून हसली आणि आतून पाकिटातली कोरी निकर घेऊन आली.

"याचा चमचा देते," मी म्हणाले.

"डबा. झाकणाचा."

"अगं, मघाशी मावशी म्हणत होतीस!"

"मावशी म्हणूनच डबा. नाहीतर कढई मागितली असती."

डबा दिला. चांगल्या हाताला माल गेला.

मोरीतून बाहेर आले तेव्हा दुपार तीच होती. तरी काहीतरी बदललं होतं. दोरीवरच्या ओल्या साडीतून ऊन गाळून येत होतं आणि सगळं परस गुलाबी झालं होतं. मी चार पावलं टाकली. काही टोचलं नाही, सरकलं नाही. कमरेखाली मी आहे की नाही, असं वाटलं. पाण्यात उभं राहिल्यावर अंगाचं वजन जातं, तसं.

अक्का फोन ठेवून आल्या. "मंग? कोठी?"

"पातेलं. शेवटचं."

"कोठी."

मी उठले. पाटी डोक्यावर घेतली. मागे फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही. अक्कांनी मात्र पाहिलं. फरशी कोरडी.

"बैस व, घाई कसानी शे?"

मी फाटक ओलांडलं. सौद्याच्या नियमानं तिथं पाय हळू टाकायचे असतात. माझे पाय हळू होईनात. गल्ली सुटली, कडुनिंबाची सावली अंगावरून गेली, कुठल्या तरी घरात वरणाला फोडणी पडली. मला वाटत होतं मी चालत नाही, गल्लीच मागे सरकतेय. डोक्यावरच्या वाट्या हलके वाजत होत्या. सौदा, शालू, अक्का, सगळं दूर कुठंतरी राहिलं. बाराव्या वर्षापासून दर महिन्याला चार दिवस मी अंग चोरून चालले होते. ते माझं चालणं नव्हतंच, हे त्या गल्लीत कळलं.

भानावर आले तेव्हा मेहरूण तलाव समोर होता. काठावर पाटी ठेवून बसले. मग उठले. परत बसले, परत उठले. कोणी पाहिलं असतं तर खुळी म्हटलं असतं. पाणी चकाकत होतं आणि दोन बगळे माझ्यासारखेच उगाच उभे होते.

"कोठे चालनी व तू!"

मागे अक्का. डोक्यावर गाठोडं, कपाळावर घाम, एका चपलेचा अंगठा तुटलेला. हाकेला मी थांबले नव्हते, म्हणून स्वतः आल्या होत्या.

"घे. पातेलं दे."

"पातेलं हा ओट्यावरचा रेट होता, अक्का. इथं कढई."

"कढई? शालू शे त्यामा!"

"परात, घागर आणि डब्यांचा सेट आधीच तुमच्या घरात आहे. गुरुवारी-गुरुवारी गेलेला."

अक्कांनी पदरानं कपाळ पुसलं. "तुले कोणी सांगं?"

"ओट्यानं," मी म्हणाले. रूपालीला त्याच घरात राहायचं होतं.

त्यांनी गाठोडं खाली टाकलं, कढई उचलली आणि फटक फटक चप्पल वाजवत गेल्या. ती मऊ सुती साडी मी स्वतःसाठी राखली नाही, गॅरेजच्या गठ्ठ्यात टाकली. पुढे पाटीत वाट्यांच्या खाली पॅडचं एक पाकीट कायम राहिलं.

राग मात्र गेला नाही. डाग पडतो, त्यात कोणाचा दोष नाही. पण डाग पाहून तारीख लक्षात ठेवणं, हे मी विसरलेले नाही.

अक्का आता थकल्यात. सणासुदीला रूपालीचा हात धरून दुकानात येतात. रूपालीला मी आजही रेट सोडून देते. अक्कांना आल्या आल्या खुर्ची देते, पाठीला उशी देते, चहा मागवते. लोक म्हणतात, मंगलाबाईंना केवढा मान आहे म्हाताऱ्या माणसांचा.

मी स्वतः उभी राहते. बसलेल्या गिऱ्हाइकाशी सौदा सोपा जातो.