आक्काच्या गॅलरीतली माळ

गाळ्यावर फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी कांद्याच्या भावावरून भांडत होतो. दाजी म्हणाले, ‘आक्का गेली.’ मी फोन ठेवला, सौदा पुरा केला, गोणी टेम्पोत चढवल्या आणि मग कोपरखैरण्याला निघालो. मार्केटमध्ये लोक म्हणाले, काय माणूस आहे. मला तेव्हा काहीच होत नव्हतं... आजही फारसं होत नाही.

आई लवकर गेली. आम्हां दोघा भावांना थोरल्या बहिणीनं, आक्कानंच वाढवलं. गावाहून येऊन मी हमाली केली, पुढे वाशीच्या मार्केटात स्वतःचा गाळा उभा केला आणि धाकट्या शिवाला शेजारी बसवलं. ऐन हंगामात तो समोरच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बसला, माझी गिऱ्हाइकं घेऊन. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. चूक त्याचीच होती, हे आजही तितक्याच जोरात सांगेन.

दर रविवारी आक्काकडे जेवायला जायचो ते निवडलेले कांदे, लसूण घेऊनच. ती मला भाकरी वाढायची, बुक्कीनं कांदा फोडून ताटात ठेवायची आणि विचारायची, ‘शिवा दिसतो का रे?’

‘समोरच तर बसतो. न दिसायला काय झालं?’

‘मग बोल की.’

‘त्याला बोलू दे आधी.’

‘तोही मेला हेच म्हणतो.’ मग ती आपली भाकरी तेल-मिठाशी खायची. कांदा का नाही, असं विचारलं तर म्हणायची, पित्त होतं.

तेराव्याला दाजी सहज बोलून गेले. ‘पित्त कसलं? तुम्ही दोघं बोलेपर्यंत कांदा-लसूण खायचा नाही, असं धरून बसली होती.’

मला राग आला तो तिचाच. सौदा करायचा तर समोरच्याला भाव तरी सांगतात. वर्षानुवर्षं मी निवडून माल आणत राहिलो, ती तो बाकीच्यांना वाढत राहिली आणि मला पत्ता नाही.

उठून गॅलरीत गेलो. शेवटच्या रविवारी मी आणलेली लसणाची माळ तिनं खिळ्याला टांगली होती. पाकळ्यांना कोंब फुटले होते. शिवा तिथंच उभा होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, ‘काढू का?’

‘राहू दे,’ मी म्हणालो.

अजून रविवारी मी जातो. शिवाही येतो. फार बोलत नाही आम्ही. माळ तिथंच वाळते आहे. दाजी भाकरी वाढतात, आक्कासारखाच कांदा फोडून दोघांच्या ताटात ठेवतात. जेवण होतं, आम्ही उठतो. कांदा दोघांच्याही ताटात तसाच असतो...