खळग्यातलं औक्षण

विभावरी मूळची इस्लामपूरची, आता जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची. नवरा चंद्रशेखर तिथल्या रसायनांच्या कारखान्यात, आणि मुलगी अन्वी मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळी होणारी. घरात बोलायला माणूस मिळेना म्हणून विभावरीने बोलण्याचीच नोकरी धरली. ऱ्हाइन नदीतून फिरणारं जहाज आंडरनाखच्या धक्क्याला लागलं, की त्यातल्या मराठी मंडळींना बसने आयफेलच्या डोंगरात न्यायचं, ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं तळं दाखवायचं आणि साडेतीनच्या आत परत आणून सोडायचं.

ज्वालामुखी म्हटल्यावर मंडळी मोठ्या हौसेने उतरत. समोर बदकं, शांत पाणी आणि काठाशी उठणारे चार बुडबुडे दिसले की फसवल्यासारखी तिच्याकडे बघत. यापेक्षा जास्त धूर आमच्या गल्लीत गणपतीत होतो, असं एका काकांनी तोंडावर ऐकवलं होतं. तेव्हापासून तिने शेवटी एक खेळ राखून ठेवला होता. तळ्याच्या वर झाडीत एक गवताळ खळगा आहे. जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा जड, म्हणून तिथे पाण्यासारखा साचतो. ना दिसतो, ना वास येतो. विभावरी डब्यात मेणबत्ती पेटवून दोरीने हळूच खाली सोडायची. डबा गवताजवळ गेला की ज्योत कुणी चिमटीत धरावी तशी विझायची. मग टाळ्या.

या खळग्याचा चंद्रशेखरने धसका घेतला होता. सहलीच्या सकाळी तो फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायचा. त्या दिवशीही चहाचा कप ठेवत तो म्हणाला होता, "आज वारा अजिबात नाही. वायू कमरेपर्यंत चढेल. त्यांना आधीच सांग." ज्याला लोणच्याच्या बरणीतही धोका दिसतो, त्याचं किती ऐकायचं? आणि आधीच सांगितलं तर खेळात राम तो काय उरणार?

एकतीस माणसं होती. तळं बघून झालं आणि तिघांना स्वच्छतागृहात जायचं होतं. बाकीच्यांना झाडीजवळ थांबायला सांगून ती तिघांना घेऊन वाहनतळाकडे गेली. पंधरा मिनिटं लागली असतील. खळग्यापाशी धोक्याची एक पाटी होती, पण जर्मनमध्ये. आणि जर्मन माणूस डबा खायला बाकावर बसतो, त्यामुळे कुणाला काही झाल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. आपली माणसं मात्र डबा उघडायचा म्हटलं की आधी चादर पसरतात, आणि चादरीला खोलगट, आडोशाची जागा बघतात, हे इतक्या वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत येताना तिला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. अठ्ठावीस माणसांच्या मराठी घोळक्याचा आवाज लांबून येतो. इथे काहीच नव्हतं. पाखरूही बोलत नव्हतं.

सगळे खळग्याच्या उतारावर बसले होते. अगदी तळाशी निळी चादर, आणि तिच्यावर मांडी घालून आत्मारामकाका. त्यांची आज पंचाहत्तरी. समोर त्यांच्या पत्नी कुसुमकाकू उभ्या, हातात ताम्हन. काकूंनी उभ्यानेच निरांजन पेटवलं, नीट पेटलं. ओवाळायला वाकून ताम्हन काकांसमोर नेलं आणि ज्योत गेली. झाडाचं पान हलत नव्हतं.

"तिसरी वेळ," कुणीतरी हळूच म्हणालं. "हे काही बरं लक्षण नाही."

काकूंनी पुन्हा काडी ओढली. काकांचे डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद, छाती धावून आल्यासारखी भरभर हलत होती. बघणाऱ्यांना वाटत होतं, म्हाताऱ्याला भरून आलंय. विभावरीला कळलं, तिची मेणबत्ती जिथे विझते तिथे आज काकांचं नाक आहे.

ओरडावं, तर सगळे दचकून डबे आणि चपला उचलायला खाली वाकतील. पळा म्हणावं, तर का म्हणून विचारत बसतील. मराठी माणसांना एका क्षणात, काही न विचारता उभं कसं करायचं? तिने खळग्याच्या कडेवर उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत आरती म्हणायला सुरुवात केली.

सगळा उतार उभा राहिला. गुडघेदुखीवाल्यासुद्धा. आपण का उठलो हे न कळताच हात जोडले गेले.

काका मात्र उठले नाहीत.

आरती न थांबवता तिने हातानेच सगळ्यांना वर यायची खूण केली. मग शिरीष आणि रोहन या धडधाकट बापलेकांना दंडाला धरून ती म्हणाली, "श्वास रोखून जा. वाकू नका, गुडघ्यात बसू नका. बगलेत हात घालून वर ओढा."

त्यांनी ओढलं. काकांची मान एकदा मागे पडली आणि काकूंच्या हातून ताम्हन सुटलं. खळग्याच्या काठावर आणून उभं धरल्यावर दोन मिनिटांनी काकांनी डोळे उघडले. विभावरीकडे ते रागानेच बघत होते.

"का उठवलंत? इतकी छान झोप बारा वर्षांत लागली नव्हती."

कुणीच हसलं नाही. काकूंनी त्यांचा सदरा मुठीत धरला. "अहो, परत असं म्हणायचं नाही," एवढंच म्हणाल्या, आणि जहाजावर पोचेपर्यंत मूठ सोडली नाही. रुग्णवाहिका आली, डॉक्टरने तासभर थांबवून काका ठीक असल्याचं सांगितलं. जहाजही त्या दिवशी थांबलं. निघण्याआधी वाहनतळाच्या कठड्यापाशी काकूंनी कुणाच्या तरी पिशवीतलं दुसरं निरांजन मागून घेतलं आणि मोकळ्या हाताने उभ्याउभ्याच ओवाळलं. ज्योत सरळ उभी राहिली. तिच्याकडे सगळे टक लावून बघत होते, काकांकडे कुणी नाही.

बस सुटण्याआधी विभावरी एकटी खळग्यापर्यंत गेली. चादर तशीच होती. तिच्यावर बेसनलाडवाचा चुरा आणि तो टिपायला उतरलेली एक चिमणी. चिमणी दोनदा टिपून थांबली, पंख थोडे पसरले आणि डोकं चुऱ्यात टेकवलं, झोपल्यासारखं. विभावरी चादर आणायला खाली गेली नाही.

आता ती बसमध्येच आधी सगळं सांगते, आणि उतरल्यावर लगेच मेणबत्ती सोडते. कुणी टाळ्या वाजवत नाही. दोरी वर ओढताना ती एकदा खाली बघते. निळी चादर अजून आहे, पानांखाली अर्धी गेलेली. तिच्यावरच्या चिमण्या आता तीन झाल्या आहेत.