एका कलमाचे दोन मालक

तो माझा विद्यार्थी. शाळेत मी त्याला मराठी शिकवलं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याने एकही निबंध स्वतः लिहिला नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून लिहून घ्यायचा आणि उभा राहून वाचायचा मात्र असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा थेट याच्या काळजातून आलाय. पुढच्या सगळ्याचं मूळ त्या वाचनात होतं असं मी म्हणणार नाही. वर्गातली निम्मी मुलं तेच करत होती आणि ती आज सरळ नोकऱ्या करतात.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी तो घरी आला. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पायात पांढरे बूट. आमच्याकडच्या लाल मातीत पांढरे बूट घालणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर चालत नसतो. हा चालत नव्हता.

"बाई, मला भाषण करायला शिकवा," तो म्हणाला. "आता मोठ्या लोकांत उठबस आहे. शब्द कमी पडतात."

हातखंब्याच्या पलीकडे कातळावर त्याने हापूसची बाग घेतली होती आणि तिथली कलमं तो एकेक करून विकत होता. म्हणजे झाड जागेवरच राहायचं. मुंबई-ठाण्याच्या माणसाने पैसे भरायचे, झाडावर त्याच्या नावाची पाटी लागायची, दर मोसमात पेट्या घरपोच, आणि काही वर्षांनी भरलेली रक्कम वाढून परत. बाग पिकली नाही तर ती वाढायची कशी, हे मी विचारलं. तो हसला. "बाई, ते फायनान्स आहे."

मी शिकवलं. फी घेतली आणि शिकवलं. शुद्ध मराठीने कुणाचं वाटोळं होत नाही. आठवड्यातून दोनदा तो यायचा आणि बरोबर बायकोला आणायचा. ती संगमेश्वरची, कॉमर्स शिकलेली, अगदी कमी बोलणारी. खिडकीशी बसून ऐकायची. एकदा तिने विचारलं, "बाई, विश्वस्त आणि मालक यात फरक काय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुला काय करायचंय? तू डायरेक्टर आहेस, सही करत जा."

माणूस श्रीमंत झाला की गावाला त्याचे गुण दिसायला लागतात. आमच्या गावाला तर फारच लवकर दिसले. ज्या सभागृहात पूर्वी तो मागच्या दारातून नाटक बघायला शिरायचा, तिथेच त्याला शाली पडू लागल्या. इतक्या शाली की त्याच्या आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या असत्या. गणपतीच्या मंडळांपासून वाचनालयापर्यंत सगळ्यांचा तो आधारस्तंभ. भाषणात तो मातीशी असलेल्या नाळेबद्दल बोलायचा आणि पुढच्या रांगेतले डॉक्टर-वकील डोळे पुसायचे. मिरकरवाड्याहून सकाळी सकाळी सुरमई घेऊन त्याचा ड्रायव्हर कुणाकुणाच्या दारात उभा असायचा. कुणी सुरमई परत पाठवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आमच्या घरीही हे व्हायचंच होतं. माझे यजमान बँकेत होते. उभा जन्म लोकांच्या कर्जाच्या अर्जात खोट काढण्यात गेला. त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, की आपण एक झाड घेतलंय.

"अहो, आपल्या परसात दोन कलमं आहेत," मी म्हटलं.

"ती घरची. ही गुंतवणूक."



पाडव्याच्या सुट्टीत आम्ही ते झाड बघायला गेलो. आधी ऑफिसात कळवून, वेळ घेऊनच यायचं, असा नियम होता. बागेत आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. एक ठाण्याचं कुटुंब झाडाला हळदकुंकू लावून फोटो काढत होतं. इतक्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ बायकोला घेऊन, हातातला कागद बघत बघत त्याच झाडाखाली आले. त्यांचा क्रमांकही तोच. झाडावर पाटी ठाण्याची होती, आणि मागच्या फांदीआड, घाईत काढायची राहिलेली दुसरी पाटी डोंबिवलीची. म्हणजे पाहुणा बदलला की पाटी बदलायची आणि कुणाला तरी आज विसर पडला होता.

दोघांनी आपापले कागद शेजारी शेजारी धरले. मला वाटलं, आता फुगा फुटला. तो मात्र पांढरे बूट सांभाळत शांतपणे पुढे आला.

"साहेब, कलम म्हणजे काय? दोन झाडांचं एक झालेलं. खुंट वेगळा, फांदी वेगळी. म्हणून आमच्याकडे एका कलमाला दोन मालक. दोन्ही कुटुंबं एकमेकांची नातेवाईकच झालात की आज!"

आणि खरं सांगते, ती माणसं हसली. ठाण्याच्या बाईंनी डोंबिवलीच्या बाईंना कुंकू लावलं. सगळ्यांनी मिळून फोटो काढला. दोन्ही घरचे पुरुष इंजिनियर होते.

गाडीत मी यजमानांकडे बघितलं. "आपल्याही झाडाचे नातेवाईक असतील," मी म्हटलं.

"तू प्रत्येक गोष्टीत संशय घेतेस," ते म्हणाले आणि काच वर केली.

त्यापुढच्या वर्षी मोहोर करपला. थंडी पडलीच नाही आणि मग अवकाळी पाऊस. एरवी तो दुसऱ्यांच्या बागांतला आंबा घेऊन पेट्या भरायचा, पण त्या वर्षी दुसऱ्यांकडेही आंबा नव्हता. पेट्या उशिराने गेल्या. आत पेंढा आपला, पेटी आपली, वर छापलेलं नाव आपलं आणि आंबा कर्नाटकातला. ठाण्याच्या बाईंनी पहिला आंबा कापला आणि तिथेच त्याचं साम्राज्य संपलं. दोन मालकांचं झाड त्यांना चाललं होतं. नुसती कागदावर वाढलेली रक्कम चालली होती. हापूसच्या पेटीत परका आंबा मात्र चालला नाही. लोक पैसे परत मागायला ऑफिसात आले, आणि पैसे अर्थातच कधीच गेले होते. शालींच्या बदल्यात, सुरमईत, आणि नव्या माणसांचे जुन्यांना देण्यात.

पोलीस ऑफिसात पोचले त्या दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं. तो कोल्हापूरच्या हॉस्पिटलात दाखल झाला. कागदांवर सह्या बायकोच्या होत्या, म्हणून पोलिसांनी तिला नेलं.

मी डबा घेऊन पोलीस स्टेशनात गेले. तिला ओळख दाखवायला गावातलं दुसरं कुणी आलेलं नव्हतं. शाली देणारे सगळे त्या आठवड्यात बाहेरगावी होते.

"बाई, ते कसे आहेत?" तिने पहिलं हे विचारलं.

"बरा आहे. सफरचंद खातोय," मी म्हटलं. मला ते बघून आलेल्या माणसानेच सांगितलं होतं.

ती जेवता जेवता थांबली. "त्यांनी वकिलाकडून निरोप पाठवलाय. म्हणाले, सगळा कारभार मीच बघत होते असं सांग. बाईमाणसाला लवकर जामीन मिळतो."

"मग?"

"मला कारभार येत असता तर सांगितलं असतं."

दोन दिवसांनी तिने जबाब दिला. पाट्या कोण बदलायचं, पैसे कुठे गेले, सह्या कशा घेतल्या, सगळं तारीखवार सांगितलं. तो हॉस्पिटलातून थेट कोठडीत गेला आणि आमच्या गावाला अखेर संताप आला. तिच्यावर.

"नवऱ्याविरुद्ध बोलली हो," वाचनालयाच्या पायरीवर एक वकील मला म्हणाले. हे पुढच्या रांगेत डोळे पुसणारे. "कितीही झालं तरी तिने गप्प बसायला हवं होतं."

"तुम्ही बसलात ना गप्प," मी म्हटलं. "तेवढं पुरे आहे."

यजमानांनी त्या झाडाचा विषय घरात पुन्हा काढला नाही. तक्रारदारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, हेही मला वर्तमानपत्र वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून कळलं. बागेला सील लागलं. दगडी गडग्यावरून उडी मारून आसपासची पोरं आंबे नेतात, असं ऐकते. निदान कुणीतरी ते खातं.

तो जामिनावर सुटला आहे. मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात मी त्याला व्यासपीठावर बघितलं. शाल पुन्हा पडली, लहानशी, पण पडली.

तीही जामिनावर सुटली, आता भावाकडे संगमेश्वरला असते. एका कापडाच्या दुकानात हिशेब बघते. मी देवरुखला जाताना तिथे उतरले, तेव्हा तिने दुकानातून बाहेर येऊन समोरच्या हॉटेलात मला चहा पाजला. तब्येत सुधारली होती. पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलत होती.

"कोर्टात भेट होते का?" मी विचारलं.

"होते की. परवा शेजारी येऊन बसले. म्हणाले, आता काजूचं काढू या. मोठी मागणी आहे, फक्त तुझं नाव हवं."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. वकिलांना म्हटलं, तुम्ही जरा मध्ये बसा."