सहा सुया, तीन दिवस आणि डोणगावकडची एक गोधडी

माधुरीचा फोन आला तेव्हा मी बँकेतून नुकतीच घरी येऊन चहा टाकत होते. "माझ्या मावशीच्या हाताला प्लास्टर आहे, गोधडी अडलीये, येतेस का?" एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला आणि रजेचा अर्ज लिहायला बसले. चहा राहूनच गेला.

जरा नीट सांगते. आम्ही नाशिकच्या अकरा जणी दर शनिवारी कुणा ना कुणाच्या घरी जमतो. माधुरी क्रोशे करते, मी गोधड्या. माझ्या गोधड्या म्हणजे पट्टी, गुण्या आणि गोल कटर. तुकडा दोन मिलिमीटर चुकला तर मला जेवण जात नाही. माधुरीची कमलमावशी बुलढाणा जिल्ह्यात, डोणगावपासून चार किलोमीटर आत राहते. तिच्या घरी लेक बाळंतपण उरकून सासरी निघाली की बाळ आजीने शिवलेल्या गोधडीतच जातं. थोरल्या दोघींच्या चारही लेकरांच्या गोधड्या मावशीने एकटीने शिवल्या. आता धाकटी पूजा तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन रविवारी जळगावला निघणार, आणि मावशी न्हाणीत घसरून पडलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये! पूजाच्या लेकीची गोधडी रविवारपर्यंत व्हायलाच हवी होती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने नाशिकरोड सोडलं आणि साडेदहाला मलकापूरला उतरलो. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि तळलेली मिरची खाऊन घ्या, पुढे एसटीत भूक लागते. डोणगावच्या थेट गाडीची वाट बघत बसू नका; बुलढाणा, चिखली, मेहकर असं तुकड्यातुकड्याने जा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तीनदा गाडी बदलूनही खिशाला कळत नाही. राजूर घाटातही आमचं हसू थांबेना. दोन पोक्त बायका सुईदोऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिदळत होत्या.

हिवरा आश्रमाच्या थांब्यावर चढलेल्या एका आजींना राहवेना. "कुठी चालल्या व पोरींनो?"

"डोणगावकडे, गोधडी शिवायला."

"नाशिकवरून? काऊन, नाशकात गोधड्या भेटत नाहीत काय?"

आम्ही दोघी पुन्हा खिदळलो.

शुक्रवारी सकाळी अंगणात ऊन आलं आणि काम सुरू झालं. सारवलेल्या जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर मावशीचं जुनं लुगडं, मग मऊ झालेली धोतरं आणि वर पूजाच्या शाळेपासूनच्या कपड्यांचे तुकडे. मी पट्टी काढली. शेजारच्या सुमनबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि बाळावरच्या माशा हाकायला पूजाला देऊन टाकली!

इथली पद्धत अशी, की गोधडीवरच बसायचं. अंगाच्या वजनाने थर सरकत नाहीत. आम्ही सहा जणी कडेने बसलो. मी, माधुरी, पूजा, सुमनबाई आणि त्यांच्या दोन जावा. कडेपासून टाके घालत आत आत सरकायचं आणि शेवटी मध्यावर सगळ्यांनी एकमेकींच्या मांडीला मांडी लावून भेटायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मावशी खाटेवर बसून पहारा देत होती.

"बँकवाल्या बाई, तुमचे टाके लय सरळ हायेत," ती म्हणाली.

मी फुलले.

"पण माणसानं घातल्यासारखे वाटत नाहीत."

सगळ्या जणी इतक्या हसल्या की बाळ दचकून जागं झालं. मीही हसले, पण पुढची रांग मुद्दाम जरा सैल घातली. काय मजा आली म्हणून सांगू! कुणी सासूची नक्कल करत होतं, कुणी ओव्या म्हणत होतं, मध्येच भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत समोर येत होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत माझी बोटं सुजली होती आणि सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान निघता निघेना. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

एकच गोष्ट खुपत होती. पूजाने आईपुढे दोनदा सुई धरली. "डाव्या हातानं एक तरी टाका घाल ना व आई."

"नाई. वाकडा टाका मी घालत नसते," मावशी म्हणाली. "सरळ टाक्याच्या गोधडीत माह्या एकटीचा वाकडा टाका कायले?"

पूजा सुई ठेवून उठली. बाळाला घेऊन आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. चौघा भाचरांकडे आजीच्या हातची गोधडी, तिच्या लेकीकडे मात्र नाही, हे तिला सलत होतं. आम्हा सगळ्यांनाच ते दिसत होतं.

रविवारी सात वाजता पुन्हा बसलो. मलकापूरला नेणारी भाड्याची गाडी दहाला येणार होती. साडेनऊला मध्यावरची शेवटची रांग झाली, मी दोरा तोडला, टाळ्या पडल्या आणि चहा आला. मी ऐटीत उभी राहिले, तर माझ्याबरोबर गोधडीही उठली!

"अवो बाई, गोधडी घेऊन कुठी चालल्या?" सुमनबाई ओरडल्या.

माझ्या नव्या कुर्त्याचा बाजूला पसरलेला मागचा घेर चांगला वीतभर गोधडीत शिवला गेला होता. एक रांग माझीच, आणि दुसरी शेजारी बसलेल्या सुमनबाईंची! दोघींनाही पत्ता नव्हता. मी लाजेने लालेलाल झाले आणि उसवायला कात्री मागितली.

"उसवू नोका!" मावशी खाटेवरून कडाडली. "लेकराच्या गोधडीचा टाका उसवत नसतात."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या. मग काय, मी माधुरीला म्हटलं, "काप." तिने कापला कुर्ता. मी मोकळी झाले, मागे खिडकी पडलेली, आणि गोधडीच्या मधोमध माझ्या कुर्त्याचा एक मोरपंखी, वेडावाकडा तुकडा सुट्या कडांसकट उरला.

मावशी खाटेवरून उतरली. तुकड्याची सुटी कड उचलून बघत ती खुदकन हसली.

"आता तं वाकडंच झालं. आण वं पूजा, सुई."

पूजाने दोरा ओवला. मावशी गोधडीवर बसली. मी कड आत दुमडून धरली आणि तिने डाव्या हाताने टाके घातले. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. चारही बाजू झाल्या तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर आत येऊन चहा पीत बसला होता. अंगणात कुणीच घाई करत नव्हतं.

मलकापूरहून आम्ही तिघी एकाच रेल्वेगाडीत बसलो. बाळ गोधडीत गुंडाळलेलं, आणि मी मागची खिडकी झाकायला सुमनबाईंची शाल गुंडाळलेली. जळगावला पूजा उतरली.

आता घरी येऊन आठवडा झालाय. बोटं बरी झाली, कुर्ता वाया गेला, त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा, आखूड कुर्ता घाला आणि आपण फार छान शिवतो हा समज घरी ठेवा. माझा तिथे तीन दिवसांत उतरला, आणि हलकं हलकं वाटतंय.

काल पूजाचा फोन आला होता. तिच्या सासूबाईंनी गोधडी उन्हात घालताना विचारलं, "सगळे टाके इतके सुरेख, मग मधले हे असे कुणी घातले?"

"माझ्या आईनं," पूजा म्हणाली, आणि सासूबाईंनी त्या टाक्यांवरून हात फिरवला.