गिझरचं बटण बंद होतं

रियाधच्या पोलिसांनी माझ्या मुलाला नेलं तो शुक्रवार काही केल्या डोक्यातून जात नाही. पोलिसांच्या केसी सांगतात ते साहेब लोक. मी चौथीपर्यंत शिकलेली, रत्नागिरीकडची खाडीकाठची बाई. पण ह्या केसीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होते, म्हणून सांगते. नाव कुणाचं घेत नाही.

मुलगा रियाधच्या अल सुलै भागात एका वर्कशॉपात एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायचा. राहायला जुन्या बिल्डिंगीत दोन खोल्या. मी व्हिजिटवर गेले होते, सुनेला सोबत म्हणून. जुना गिझर सडला तेव्हा मुलाने नवा आणला, स्वतःच बसवला, तार नवी ओढली, बटण नवं लावलं. घरमालकाचं सांगणं होतं की भाडेकरूने लाइटीचं काही काम केलं तर आधी त्याच्या इलेक्ट्रिशियनला दाखवायचं, मग चालू करायचं. मुलाने दाखवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सून बोलली, "अहो, त्या माणसाला एकदा बोलवा ना. नुसता बघून जाईल."

"मी गावात अर्ध्या मोहल्ल्याचं फिटिंग केलंय. तो येऊन मला शिकवणार?"

"म्हणून तर सांगते. तुमच्या फिटिंगीत पंखा लावला की दारातली बेल वाजायची."

मी हसले. तो चिडला. टेस्टर घेऊन आला, बटण बंद केलं, बटणातून पुढे जाणारी तार गिझरपासून सोडवून तिला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. "बघ, मेली वीज. आता बोल." तिने परत तेच म्हटलं, तर ह्याचा आवाज चढला. ती रडली. जुन्या बिल्डिंगीच्या भिंती, वर सगळं ऐकू गेलं.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजाहून आला, जेवला, आडवा झाला. सून न्हाणीत गेली नि तिथून ओरडली, "अहो, गिझर खालून गळतोय!"

"बटण बंद कर आणि पूस."

मी दारातच भांडी घेऊन उभी होते. तिने बटण दाबलं. बटणातला लाल दिवा विझला, तो मी ह्या डोळ्यांनी पाहिला. मग तिने फडकं घेतलं. गिझरचं खालचं टोपण नीट बसत नव्हतं, मुलाने तारांना टेप गुंडाळून ठेवली होती. ती टेप भिजली होती. सुनेचा हात तिथे गेला नि ती तशीच ताठ झाली. आवाजसुद्धा केला नाही. मुलगा धावला, फरशी पुसायच्या वायपरच्या लाकडी दांड्याने तिला बाजूला पाडलं. खाली पडली ती संपलेलीच होती.

अॅम्ब्युलन्स आली, मागून शुर्ता आली. शुर्ता म्हणजे तिकडचे पोलीस. त्यांनी फोटो काढले, न्हाणीला पट्टी लावली, बिल्डिंगीत चौकशी केली. वरच्या मजल्यावरची हैदराबादी बाई सांगून गेली, काल नवराबायकोचं मोठं भांडण झालं, ती रडत होती. खोटं नव्हतं ते. पण त्यावर मुलाला नेलं.

ठाण्यात मला वेगळ्या खोलीत बसवलं. चहा दिला, पाणी दिलं, कुणी उलटं बोललं नाही. साहेब मध्यम वयाचा, शांत. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा. मला कळलं तो काय करतोय. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं नवं सांगतो, ते नवं तो धुंडत होता.

दुभाषी लखनौकडचा. तो साहेबाचं हिंदीत सांगायचा. साहेब म्हणे, बटण बंद असेल तर शॉक लागत नाही. शॉक तर लागला. म्हणजे ती हात लावत असताना कुणीतरी बटण चालू केलं नि नंतर बंद केलं. घरात दोघंच होतात, तू आणि मुलगा. मुलगा तिकडे "बंद होतं, बंद होतं" एवढंच घोकतोय.

खरं बोलत होता, नि त्या खऱ्यानेच तो फासाकडे चालला होता.

साहेब फोनवर बोलायला उठला तेव्हा दुभाषी जवळ सरकला. "अम्मा, बेटे को बचाना है कि नहीं? बोल दो बटन चालू था, बहू बंद करना भूल गई. हादसा लिखेंगे. खलास."

"लेकिन उसने बंद किया था."

"मरनेवाली तो मर गई अम्मा. जिंदे का सोचो."

आईचं काळीज आहे, त्याचं बोलणं आत गेलं होतं. पण मग तिच्या माथी भूल मारायची होती. जी दाखवून घ्या, दाखवून घ्या म्हणत होती, तिच्याच.

साहेब आल्यावर मी म्हटलं, "बटन बंद था. लाल बत्ती बुझी, मैंने देखी. फाशी दो तो भी यही बोलूंगी." दुभाष्याने कपाळावर हात मारला, पण सांगितलं जसंच्या तसं. साहेबाने वही मिटली. मग म्हणाला, मुलाला वाचवायचं असतं तर ह्या बाईने चालू होतं म्हटलं असतं. चला, जागा परत बघू.

दुसऱ्या दिवशी वीज तपासणारा इंजिनियर घेऊन आले. मुलालाही आणलं, हातात बेड्या. इंजिनियरने गिझरपासून तारा सोडवल्या, बटण बंद केलं. एका तारेला टेस्टर लावला, दिवा नाही. दुसऱ्या तारेला लावला.

पेटला.

मुलाने बेड्या घातलेल्या हातांनी ती तार दाखवली. "अम्मी, ह्या तारेला मी लावलाच नव्हता."

इंजिनियरने समजावलं. ह्या जुन्या बिल्डिंगीत गिझरला येणाऱ्या दोन्ही तारांत वीज असते. तुमच्याकडे एकीतच असते, म्हणून तुमची माणसं एकाच तारेवर बटण लावतात नि सुटलो समजतात. इथे दोन्ही तारा एकदम तोडणारं बटण लागतं. इकडचा कुठलाही इलेक्ट्रिशियन उभ्या उभ्या सांगून गेला असता. तपासायला त्याला वेळ लागला तो माझा तांदूळ निवडून होईल एवढाही नाही.

खुनाचा आळ गेला. निष्काळजीपणाचा राहिला. तिकडच्या कायद्यात माफी द्यायची की नाही ते मेलेल्याची माणसं ठरवतात, म्हणून तो सुनेच्या माहेरच्यांच्या हातात होता. तिच्या बापाचा फोन आला. त्याने मला एकच विचारलं, "विहीणबाई, माझ्या पोरीने बटण बंद केलं होतं का?"

"केलं होतं, भाई. मी पाहिलं."

मग म्हणाला, "मग सोडा त्याला. मी लिहून देतो."

मुलगा सुटला. सुटला म्हणायचं. अजून जेवताना मध्येच थांबतो.

इंजिनियरने जाताना सगळी बिल्डिंग तपासली. वरच्या हैदराबादी बाईच्या नवऱ्यानेही गिझर स्वतःच लावला होता, बटण एकाच तारेवर. त्याच दिवशी तोडून टाकलं. संध्याकाळी ती बाई खाली आली, दारात उभी राहिली. मी तिला आत बसवलं.

साहेब लोक शेवटी सांगतात, केसने काय शिकवलं. मला एवढंच कळलं. त्या खोलीत मी चालू होतं म्हटलं असतं, तर मुलगा त्याच संध्याकाळी घरी आला असता, कागद बंद झाले असते नि वर कुणी चढलं नसतं. ती बाईही रोज बटण बंद करूनच गिझर पुसायची.