राखेचा पूल

शेळगावच्या बाजूला, ओढ्याकाठच्या वस्तीवर ठकूबाई मदने राहायची. तिच्या घरात सगळं सापडेल, पण राख सापडायची नाही. खेड्यातल्या घरात राख नाही म्हणजे मीठ नाही म्हटल्यासारखंच झालं. भांडी राखेनं घासायची, कडधान्य राखेत घोळून ठेवायचं, वेलावर कीड पडली की राख फुंकायची. ठकूबाई मात्र चुलीतली राख निवते न निवते तोच परड्यात नेऊन पुरायची आणि भांडी ओढ्याच्या मातीनं घासायची. शेजारणी म्हणायच्या, बाई मोठी सोवळ्याची. सोवळं कसलं डोंबलाचं! नवऱ्याच्या नजरेला राख पडू नये, एवढ्यासाठीच तिची सारी धडपड होती.

नवरा म्हस्कू. एके काळी शंभरावर मेंढरं राखून होता. ठकूबाई लग्न होऊन आली ती घरात नव्हे, कळपातच आली म्हणायची. घोड्यावर बिऱ्हाड, पाठीशी कोकरं, आज या शिवारात तर उद्या त्या. रस्त्यातच बाळंत झाली, रस्त्यातच दोन लेकरं पुरली आणि डोळे पुसून पुन्हा चालायला लागली. म्हस्कू तसा अबोल माणूस. बायकोशी दिवसातून चार शब्द बोलेल, पण मेंढरांशी अखंड बोलायचा. ओढा ओलांडताना तो एक लांबलचक साद घालायचा. ती ऐकली की पाण्याला बिचकलेलं मेंढरूही पाय टाकायचं. ठकूबाईला त्या सादेचा लग्नानंतर आधी हेवा वाटला होता, मग तिचीच सवय लागली.

मग पौषातली ती सकाळ आली. ऊस तुटलेल्या रानात कळप बसवला होता आणि जवळच एक साखर कारखाना होता. त्याचं नाव सांगत नाही. सांगून मेलेली मेंढरं उठायची नाहीत. बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळायची आणि त्यांची राख ट्रॅक्टरनं आणून माळावर ओतायचे. ना कुंपण, ना पाटी. ढीग वरून करडा, थंड दिसायचा. नुसती बारीक वाफ निघायची. काकडलेली म्होरकी मेंढी उबेसाठी वर चढली आणि तिच्यामागं बाकीची निघाली. मेंढराची जातच ती, पुढचं गेलं की मागचं विचार करत नाही. ठकूबाईच्या डोळ्यांदेखत वरचा पापुद्रा फुटला आणि खाली निखाराच निखारा. म्हस्कू ओरडत धावला आणि पोटऱ्यांपर्यंत आत गेला. दोन मेंढरं त्यानं ओढून काढली. निम्मा कळप तिथंच राहिला. कुणी ती उकरून काढायलाही गेलं नाही. दुपारी पुढचा ट्रॅक्टर आला आणि त्यावरच रिकामा झाला.

बारामतीच्या दवाखान्यातून म्हस्कू परत आला तो दुसराच माणूस होऊन. पायाची बोटं एकात एक चिकटलेली, तळव्याची कातडी पातळ आणि सदा ठणकणारी. उरलेली मेंढरं ठकूबाईच्या भावानं नेली. तेव्हापासून म्हस्कूनं अनवाणी पाय जमिनीला लावला नाही. घरातसुद्धा रबरी पायताण घालायचा. ओढ्यातल्या दगडांवरून त्याला जाता येईना, आणि बिरोबाचं देऊळ नेमकं ओढ्यापलीकडं. कुणी म्हणालं, तात्या, पाठीवर बसा, नेतो. तर तो म्हणाला, “मी मेंढरं पाठीवर नेल्याली हायती. कुणाच्या पाठीवर मी जायचा न्हाय.” अशी दहा-बारा वर्षं गेली. बिरोबाची जत्रा भरायची, ढोल ऐकू यायचे आणि हा अलीकडच्या काठावर तोंड फिरवून बसायचा. याला एकदा तरी स्वतःच्या पायानं देवापुढं उभा राहिलेला बघावं, एवढी एकच इच्छा ठकूबाईनं उराशी धरली होती. बाकी सगळं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

शहाण्णव साली बारामतीचे केशव सर गावात आले. इंजिनिअरिंग शिकवायचे. वयानं तरुण, डोक्यात एकच वेड. उसाच्या चिपाडाची राख नीट जळलेली असेल, बारीक दळली, तर ती काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटच्या जागी चालते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सिमेंटही कमी लागेल आणि माळावरचे ढीगही हटतील. सरपंच महिपतीनं डोकं खाजवलं. ओढ्यावर माणसांपुरता पूल करायचा कधीपासून घाटत होतं, पण सिमेंट पुरत नव्हतं. “पूल पाण्यात गेला तर सर, ओढ्यात दगड म्हणून तुमालाच ठिवू,” असं म्हणून त्यानं मान डोलावली. जुनी पिठाची गिरणी राख दळायला मिळाली. त्यानंतर त्या गिरणीच्या वाटेनं ज्वारी घेऊन कुणी फिरकलं नाही ते वेगळं.

राख चाळायला बाया हव्या होत्या. कुणी तयार होईना, आणि ठकूबाई गेली. राख त्याच माळावरची, त्याच ढिगातली, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. चाळण हातात घेऊन ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिच्या मनानं घेतलं, जिनं पाय नेले तिनंच आता वाट द्यावी. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. ओढ्यावर तोंड-हात धुऊन, लुगडं झटकून घरी जायची.

पण राख कुठं लपते? एका दुपारी तिच्या भुवईवरचा करडा कण म्हस्कूला दिसला. त्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं.

“राखंत गेली हुतीस?”

“व्हय. पुलाचं काम हाय. तुमी त्याच्यावरनं देवाला जावावं म्हणून गेले.”

“तिनं माजी मेंढरं खाल्ली, माजं पाय खाल्लं, आन आता तू तिची चाकरी करतीस? त्या पुलावर मी पाय ठिवायचा न्हाय. माजं मढंबी न्यायचं न्हाय तिच्यावरनं. ध्यानात ठेव.”

ठकूबाई रडली नाही. तिला राग आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आला आणि तोही सगळा एकदम. दुसऱ्या दिवशी चाळण घेऊन पुन्हा गिरणीवर.

पूल ओतला तो थंडीच्याच दिवसांत. स्लॅबवर ओली गोणपाटं अंथरली आणि पाणी मारायचं काम ठकूबाईकडं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन गेली, तर गोणपाटातून बारीक वाफ निघत होती. गोणपाटाखाली हात घातला, तर स्लॅब कोमट. तशीच पळत ती सरांकडं गेली.

“सर, माणसं दूर करा! विस्तू हाय त्यात. आतनं जळतंय!”

केशव सर हसले. “मावशी, राखेत कसला विस्तव?” तिनं त्यांना सांगितलं, जसं घडलं तसं, मेंढी वर चढली तिथपासून. सरांचं हसू गेलं. ते तिच्याबरोबर पुलापर्यंत आले आणि स्वतःचा तळवा स्लॅबवर ठेवून उभे राहिले. “ही सिमेंटची ऊब आहे, मावशी. पाणी मिळालं की ते तापतं आणि तापून घट्ट होतं. उलट राखेमुळं जरा कमीच तापतं. पण घट्ट व्हायला वेळ घेतं, म्हणून तीन आठवडे ओलं ठेवायचं.”

ठकूबाईनं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. जिनं एकदा पापुद्रा फुटताना पाहिलाय, तिला असल्या गोष्टी पटायच्या नाहीत. विस्तव विझवायचाच या जिद्दीनं ती पाणी मारत सुटली. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. तीन आठवडे संपले, तिला थांबायला सांगितलं, तरी ती थांबली नाही. बायका हसल्या, महिपती म्हणाला बाईचं डोकं फिरलं. सर म्हणाले, मारू द्या, या काँक्रीटला पाणी जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही. आणि हे सगळं म्हस्कू रोज वस्तीवरून बघत होता. घागरी वाहून बायकोची मान एका अंगाला कलली होती, तेही त्यानं पाहिलं.

स्लॅबखालचं फळ्यांचं सेंट्रिंग काढलं. वाळूची पोती रचून पूल अजमावला. तडा गेला नाही. गाव येऊ-जाऊ लागलं. म्हस्कू आला नाही.

चैत्रात एके सकाळी ठकूबाई ओढ्यावर भांडी घासत होती, तर मागं काठीचा आवाज. म्हस्कू पुलाच्या तोंडाशी येऊन उकिडवा बसला होता. आजारी मेंढराचं अंग चाचपावं तसा त्यानं स्लॅबवर तळवा ठेवला, पुढं सरकवला, पुन्हा ठेवला.

“गार हाय,” तो म्हणाला.

“गारच हाय. म्या विझीवलाय.”

“ही राख त्याच ढिगातली?”

“व्हय. तळाची. वरली कच्ची हाय, तळाची जुनी चांगली जळाल्याली हाय, म्हणलं सर.”

म्हस्कूनं तळवा तसाच राहू दिला. ओढ्याकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, “मंग आपली मेंढरं हितंच हायती, ठकू.”

ठकूबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. इतकी राख तिनं चाळली होती, पण हे तिच्या मनात आलं नव्हतं. ती तिथंच काठावर इतक्या वर्षांचं रडली.

म्हस्कू काठी टेकून उठला. वाकला आणि पायातलं पायताण काढायला लागला.

“अवं, काय करताय! पाय सोसायचं न्हाईत तुमचं.”

“आपल्याच मेंढरांवर पायताण घालून जाऊ व्हय?”

त्या चिकटलेल्या बोटांचा, पातळ कातडीचा पाय त्यानं राखेच्या पुलावर ठेवला. मग दुसरा. मधोमध आला तेव्हा कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून त्यानं स्लॅबवर उधळला. आणि ओढा ओलांडताना घालायचा तीच साद घातली. आवाज फाटका झाला होता, पण साद तीच होती. मागं वळून न बघता तो पुढं चालत राहिला, कळप मागून येतोय याची खात्री असलेल्या माणसासारखा.

ठकूबाईनं डोळे पुसले, त्याचं पायताण उचललं आणि ती त्याच्यामागं देवळाकडं निघाली.